चंद्रीच्या हातची आंबील

यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आनंदनगरच्या कारखान्यांपासून बारवीच्या पाण्यापर्यंत जेवढे म्हणून थापाडे आहेत, त्या सगळ्यांना ही गोष्ट ऐकवून झाली आहे. सगळे मान खाली घालून उठून गेले. म्हणाले, बाबा, एवढी मोठी आम्हांला जमायची नाही. आणि गंमत अशी, की ही थाप नाहीच. द्रौपदीबाई, तू गालातल्या गालात हसू नकोस. टपरी तुझी, चहा तुझा, दूध उतू गेलं तर तेही तुझंच. गोष्ट तेवढी चंद्रीची आहे, ती तिच्या वाटेनं जाऊ दे.

सदूबाबाची गोष्ट नेहमी अशीच सुरू व्हायची, आणि जेवणाच्या सुट्टीतले कामगार ग्लास हातात धरून बाकावर सरकून बसायचे.

तर चंद्री राहायची करवंदवाडीला. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. बदलापूर मागे टाकून बारवीच्या रस्त्याला लागलं की एका फाट्यावर डांबर संपतं, आणि डांबर संपल्यावर तासभर चाललं की बावीस घरं लागतात. पावसाळ्यात खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी, बाकीचे आठ महिने मजुरी. वाडीतल्या बायका वीटभट्टीवर जायच्या. चंद्री एकटी दोन हजार चार साली ठेकेदाराच्या टेम्पोत चढली आणि इथं, आनंदनगरला, साबणाच्या एका कारखान्यात आली. कोणत्या, ते विचारू नका. दारावरची पाटीसुद्धा आता बदलली आहे.

तिला पॅकिंगला बसवणार होते. पण हेमंत सुपरवायझरनं पाहिलं, की या बाईचा हात हलत नाही. वर्षानुवर्षं बियाणं मापून तिची मूठ अशी पक्की झालेली, की काट्यानं तिच्याकडून शिकावं. म्हणून तिला आतल्या खोलीत पाठवलं. तिथं पिंपातून एक पांढरी भुकटी यायची. तिचं खरं नाव लांबलचक, ते कागदावरच राहायचं. कामगार तिला नुसतं पांढरी म्हणायचे. दिसायला पिठीसाखर, वासाला दवाखाना. चंद्रीनं तिच्या पुड्या बांधायच्या, साबणाच्या एका घाण्याला एक पुडी.

"मावशी, हे काय आहे माहितीय का?" हेमंतनं पहिल्याच दिवशी विचारलं. विठ्ठलवाडीचा पोरगा, डिप्लोमा झालेला, बोलायची हौस. "यानं जंतू मरतात. शंभरातले नव्व्याण्णव."

"आनी शंभरावा?"

"त्याचं नशीब."

हातमोज्यांची एक जोडी खिळ्याला टांगलेली होती. बाहेरचे साहेब येणार असले, की ती चंद्रीच्या हातात चढायची आणि साहेब गेले की परत खिळ्यावर. एरवी चंद्री उघड्या हातानं पांढरी उपसायची. मोज्यात मूठ कळत नाही, असं तिचं म्हणणं. तेही खरंच होतं.

दर शनिवारी हेमंत फुटक्या, वाकड्या वड्या बायकांना वाटून टाकायचा. चंद्री पदरात बांधून घरी न्यायची. करवंदवाडीत तोवर अंगाला माती नाहीतर शिकेकाई. आता एका घराला बाजाराचा वास यायला लागला. चंद्रीनं नवऱ्याला, सुकऱ्याला, घासून काढलं. सहा वर्षांच्या प्रगतीला तर रोज दोनदा न्हाऊ घातलं. हंड्या त्याच साबणानं, पेले त्याच साबणानं, उंबरठाही त्याच साबणानं. समोरच्या घरातली तिची जाऊ, विठा, दारात उभी राहून म्हणायची, "आमची रानी आता दुधानी हात धुवल."

दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी आंबील आंबली नाही.

तुम्ही पावभाजी खाणारे लोक, तुम्हांला यात काय कळणार. नाचणीचं पीठ संध्याकाळी पाण्यात कालवायचं, मातीच्या हंडीत, हातानं. डाव नाही, पळी नाही, हात. सकाळी वर फेस येतो, नाकाला आंबूस वास येतो, मग शिजवायची. विरजण कोणी घालत नाही. हंडी जुनी, हात जुना, तेवढ्यावर भागतं. करवंदवाडीत सून आली की तिच्या हातची आंबील आधी सासू चाखायची. हात आंबट असला की घर चालतं, असं म्हणायचे. आणि चंद्रीचा हात वाडीत पहिला होता.

त्या सकाळी हंडीत नुसतं पीठ तळाशी बसलेलं आणि वर स्वच्छ पाणी.

"आज नुसता पीठ कालवून दिलास?" सुकऱ्यानं विचारलं.

"थंडी व्हती," चंद्री म्हणाली. वैशाखाचे दिवस होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी विठानं शेळीचं दूध विरजायला दिलं, ते चार दिवस दूधच राहिलं. आठव्या दिवशी मांजरानं कोंबडीचं पिल्लू मारून चंद्रीच्या उंबऱ्यावर टाकलं. चंद्रीनं ते उचलून परसात बांबूच्या बेटाखाली ठेवलं, पुरायचं राहून गेलं. ते पिल्लू सतरा दिवस तसंच. डोळे मिटलेले, पिसं मऊ, जणू आता उठेल. मुंग्या आल्या, रांग वाकडी करून बाजूनं गेल्या. माशी बसली आणि उठली.

"सतरा दिवस मोजत कोण बसलं होतं, सदूबाबा?" द्रौपदीबाईनं मध्येच विचारलं.

विठा. विठा मोजत होती, द्रौपदीबाई. कुंपणापलीकडून. तिथंच तर सगळं बिघडलं.

कारण पिल्लू टाकल्याच्या अठराव्या दिवशी चंद्री झऱ्यावर गेली, तेव्हा पाणी भरणाऱ्या बायका आपापल्या कळशा उचलून दोन पावलं मागे सरल्या. चंद्रीनं एका म्हातारीची कळशी नेहमीसारखी डोक्यावर चढवून द्यायला हात पुढे केला, तर म्हातारीनं कळशी ओतून टाकली. सगळं पाणी, तिच्या पायावर. आणि रिकामी कळशी घेऊन निघून गेली.

चंद्री ओल्या पायांनी तिथंच उभी राहिली. तिला भागी आठवली. चंद्री नऊ-दहा वर्षांची असताना वाडीत भागी नावाची बाई होती. एका साथीत तीन पोरं गेली, आणि तिन्ही घरांत भागी आदल्या दिवशी येऊन गेली होती, एवढंच. तेवढ्यावर वाडीनं तिला भुताळी ठरवलं, म्हणजे चेटकीण. एका दुपारी सगळी वाडी तिला शिवेपर्यंत घालवायला गेली. भागीची पोर सासूनं धरून ठेवली होती; वाडीची पोर वाडीत राहते, असा तिथला कायदा. भागी मागे वळून पोरीकडे बघत होती, म्हणून लोकांनी दगड उचलले. चंद्रीनंही एक उचलला होता. लहानसाच. लागला की नाही, ते तिला कधी कळलं नाही. पण तो हातात किती गुळगुळीत होता, हे तिला अजून आठवत होतं. भागीच्या घराचे वासे अजून तसेच पडलेत. चुलीलासुद्धा कोणी नेत नाही.

त्याच आठवड्यात बुधवारी वाडीचा भगत, बबन, चंद्रीच्या अंगणात आला. वाईट माणूस नव्हता तो. साप चावला तर रात्रंदिवस उशाशी बसायचा, मोडलेलं हाड बांबूच्या कामट्यांनी असं बांधायचा की बदलापूरचा डॉक्टरही विचारायचा, कोणी बांधलं. तो अंगणात बसला, पण चंद्रीनं पुढे केलेल्या तांब्याला त्यानं हात लावला नाही. विठा त्याच्या मागे उभी होती आणि तिच्या मागे निम्मी वाडी.

"चंदरे," बबन म्हणाला, "तुज्या हातचा आंबत नाय. कुजत नाय. असा मी माज्या बापाच्या तोंडूनबी आयकला नाय. तू सांग, काय हाय."

"कारखान्यातली पावडर हाय काका. हाताला लागते."

"मंग आंग धुत नाय तू?"

"रोज धुते. दोनदा."

"धुतल्यावर पावडर राहील व्हय," विठा म्हणाली. मागच्यांनी माना हलवल्या. चंद्रीलाही ते बरोबरच वाटलं.

बबननं आंबिलीची साक्ष ठरवली. रविवारी सूर्य मावळायच्या आत उंबराखाली तीन नव्या हंड्या मांडायच्या. एक चंद्रीनं कालवायची, एक विठानं, एक बबनच्या बायकोनं. तोंडाला फडकं बांधायचं. सोमवारी ऊन आलं की सोडायची. चंद्रीची आंबली तर ती माणूस. नाही आंबली, तर दुपारच्या आत शीव ओलांडायची.

"आनी प्रगती?" चंद्रीनं विचारलं.

बबन उठला. "पोर वाडीची हाय," एवढंच म्हणाला, आणि म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

आता पुढचे चार दिवस. चंद्रीनं हात राखेनं घासले. मातीनं घासले, चिंचेनं घासले. नखांच्या खाली काडी घालून टोकरलं. तळव्याची साल निघाली, तरी घासले. आणि प्रत्येक वेळी शेवटी, अगदी खात्रीचं म्हणून, साबणानं धुतले. ताज्या, फेसाळ, कारखान्याच्या साबणानं. जितकी भीती वाढायची तितका साबण जास्त. परसात लपवून ती रोज एका वाटीत पीठ कालवायची आणि पहाटे जिभेच्या टोकावर घ्यायची. गोड. गुरुवारी गोड, शुक्रवारी गोड. अशी गोड चव कोणाला कधी लागू नये.

प्रगतीच्या हातानं कालवून बघावं, असंही तिच्या मनात आलं. तिनं पोरीचा हात वाटीत बुडवला. पोरीला खेळ वाटला, ती बोटं उघडझाप करत हसत बसली. सकाळी ती वाटीही गोड. तेव्हा चंद्री परसात तशीच खाली बसली. आपल्या हातात जे शिरलंय ते आपण पोरीतही उतरवलंय, असं तिला वाटलं. त्या क्षणी तिनं स्वतःबद्दल तेच मानलं, जे वाडी मानत होती. माणूस घाबरला की पहिली साक्ष स्वतःच्याच विरुद्ध देतो.

शनिवारी ती कामावर आली आणि सरळ हेमंतसमोर दोन्ही हात धरून उभी राहिली.

"सायेब, ह्याला काय लागलाय?"

हेमंत हसला. "मावशी, ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवायला पाहिजे तुला. डॉक्टरचे हात एवढे साफ नसतात." मग त्यानं तिचे तळवे नीट बघितले. लाल, सोललेले, भेगांत पांढुरकं काहीतरी. तिचा चेहराही बघितला आणि खुर्चीवरून उठला. "काय झालं?"

"आंबील आंबत नाय. दही लागत नाय."

हेमंतनं पांढरीच्या पिंपाकडे बघितलं. मग म्हणाला, "असं होऊ शकतं. दही म्हणजे पण जंतूच ना, मावशी. चांगले जंतू. पांढरीला चांगला-वाईट कळत नाही."

"मंग घालवू कशी? पान्यानी किती धुतला."

"पाण्यात ती विरघळतच नाही."

"साबनानीबी धुतला. रोज. दहा दहा वेळा."

मशिनचा घाणा मागे घरघरत होता. "कोणत्या साबणानं?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं. "मावशी, त्या साबणात तीच आहे ना. तूच पुडी बांधतेस."

चंद्रीनं हात हळूच खाली घेतले, आणि अंगापासून थोडे लांब धरले, जसं कोणाचं तरी उसनं भांडं धरावं.

"महिनाभर काम बंद कर, हा साबण बंद कर," हेमंत म्हणाला. "आपोआप जाईल."

"सोमवारी हाय."

"काय सोमवारी?"

तिनं सांगितलं नाही. काय सांगणार होती. विठ्ठलवाडीच्या पोराला साक्ष काय आणि शीव काय. सुट्टी झाली तेव्हा हेमंतनं सवयीनं फुटक्या वड्यांची पिशवी तिच्यापुढे केली. त्या दिवशी त्यानं जास्तच भरली होती, बिचाऱ्याला दुसरं काही देता येत नव्हतं. आणि तिनंही सवयीनं घेतली.

टेम्पोतून उतरून ती वाडीत पोचली, तेव्हा सुकऱ्या दारातच बसला होता. त्याच्या बाजूला प्रगतीचं गाठोडं. दोन फ्रॉक, एक चादर.

"कंची तयारी ही?" चंद्रीनं विचारलं.

"माज्या आयेकडं झोपल दोन दिवस." सुकऱ्या जमिनीकडे बघून बोलला. "विठा म्हंते, साक्षीच्या आधी पोर तुज्याजवळ नको."

"तू काय म्हंतोस?"

लाकडं तोडताना झाड कोणत्या अंगाला पडणार हे सुकऱ्या लांबून सांगायचा. इथं त्याला काही सांगता येईना. "तुला सायेबानी काय सांगितला?"

"साबनातबी तेच हाय."

"ह्ये बबनला सांग."

"सांगितला तर म्हनल, मंग साबनानी न्हानारं सगळं बदलापूर भुताळी हाय काय?"

सुकऱ्याला हसू आलं. खरंच आलं. एक क्षण दोघंही हसले, कित्येक दिवसांनी. मग त्यानं गाठोडं उचललं, पोरीचं बोट धरलं आणि निघाला. प्रगतीनं वळून आईला टाटा केला, आई कामावर निघाली की करायची तसाच.

द्रौपदीबाई, आता स्टोव्ह बारीक कर आणि ऐक, कारण खरी गंमत इथून पुढे आहे.

रात्रभर चंद्री जागीच होती. आणि रविवारी सकाळी तिला बुद्धी सुचली. असली बुद्धी दिल्लीतही सुचत नाही. तिनं ती पिशवी उचलली, फुटक्या वड्यांची, आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. बावीस घरं. प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली, आज साक्षीच्या हंड्या लागणार आहेत, देवाचं काम आहे, हात स्वच्छ करून या. आणि एकेक वडी प्रत्येकीच्या हातावर ठेवली. विठाच्या हातावर तर दोन. बबन भगताच्या बायकोला सगळ्यात मोठी, गुलाबी रंगाची.

मग काय विचारता. सगळी वाडी झऱ्यावर लोटली. बायका न्हाल्या, पुरुष न्हाले, बकऱ्या न्हाल्या, बबन भगत शेंडीसकट न्हाला. फेस एवढा, की झऱ्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून बारवीच्या धरणात. तिकडचे लोक म्हणाले, डोंगराला दूध सुटलंय. संध्याकाळी उंबराखाली तीन हंड्या लागल्या. सोमवारी ऊन वर आलं. बबननं चंद्रीच्या हंडीचं फडकं सोडलं. गोड. लोकांनी श्वास रोखला. विठाची सोडली. गोड. बायकोची सोडली. तीही गोड. बबननं मग स्वतःचं बोट हंडीत बुडवलं, चाटलं आणि थरथर कापायला लागला. म्हणाला, वाडीत एक भुताळी असती तर घालवली असती, बावीस घरं भुताळी निघाली, मी जाऊ कुठं? आणि तिथंच चंद्रीच्या पायावर डोकं ठेवलं. विठानं तिला मिठी मारली. सुकऱ्या प्रगतीला खांद्यावर घेऊन नाचला. आणि तेव्हापासून करवंदवाडीत नियम झाला, की जिच्या हातची आंबील आंबत नाही तिला...

"सदूबाबा," द्रौपदीबाई म्हणाली.

ती हसत नव्हती. गाळणी हातात तशीच होती आणि बाकावरचे सगळे तिच्याकडे बघत होते.

"जिनं नुसता हात पुढे केला म्हणून म्हातारीनं भरली कळशी ओतून टाकली, तिच्या हातून साबण घेतला बावीस घरांनी? खोटं आहे हे. कोणी दारसुद्धा उघडलं नसेल, सोमवारी तिला शीवच ओलांडावी लागली असेल. पोर कोणाकडे राहिली, तेवढं सांग."